पाय उचलायचा नाही!

'ताई, ब्रेकला काहीही झालेलं नाही.'

आमचे गॅरेजवाले काका हे वाक्य तीनदा बोलले. आणि तिन्ही वेळा मला मनातून एकच वाटलं, काय सफाईदार खोटं बोलतोय हा माणूस!

गोष्ट जुलै २०२४ ची. साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर कंदी पेढ्यांचा बॉक्स. कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाकडे जाणारा तो (कु)प्रसिद्ध उतार सुरू झाला. पुणेकरांना या उताराबद्दल वेगळं काही सांगायला नको. पाऊस धो-धो कोसळत होता. समोरचा पिकअप टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, आणि पायाखाली काहीतरी भयंकरच झालं. पेडल थडथडायला लागलं, खालून खर्रर्र असा आवाज आला. गेलं, काहीतरी तुटलं! मी पाय उचलला, पुन्हा दाबला. पुन्हा तेच. पुन्हा उचलला. आणि मग धडाम!

बॉनेट चेपलं, एक हेडलाइट गेला, रेडिएटर फुटला. टेम्पोवाल्याने आधी मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग गाडी कडेला ढकलायला तोच आला. पेढे गाडीभर. आईला खरचटलंही नाही. पण बाबांनी घाबरून डॅशबोर्डवर हात टेकवला होता. मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर.

'ब्रेक लागलेच नाहीत,' मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, सोसायटीतल्या प्रत्येक काकूला सांगितलं. मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. प्रॉब्लेम एवढाच होता की बरोब्बर आठ दिवस आधी बाबांनी गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. त्याच काकांकडे. आमची मारुती एटहंड्रेड होती तेव्हापासूनचे, म्हणजे बावीस वर्षांचे संबंध. बाबा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून गॅरेजवर गेले आणि नको ते बोलून आले. त्यानंतर त्या गल्लीतून जाणंच बंद झालं. दरवर्षी दसऱ्याला आमची गाडी काकांच्या गॅरेजवर जायची, बाकीच्या गाड्यांच्या रांगेत तिला झेंडूची माळ पडायची. त्या दसऱ्याला ती पार्किंगमध्येच उभी राहिली.

आणि मी? मी ड्रायव्हिंग सोडून दिलं. रिक्षा, मेट्रो, कॅब झिंदाबाद! विचारलं तर 'पार्किंगची कटकट नको गं' हे रेडिमेड उत्तर तयार होतं.

एडिटरचा फोन

जानेवारीत एडिटरचा फोन आला. 'वाचकांना वीकेंडला काहीतरी हटके हवं असतं. ट्रॅक डे करशील? स्वतःच्या गाडीने?' मी 'हो' म्हणून टाकलं. फ्रीलान्सरने 'नाही' कसं म्हणायचं हे मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं.

ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे, हे आधी क्लिअर करते. इथे नंबर नसतात, ट्रॉफी नसते, घड्याळ लावून कुणी उभं नसतं. रेसिंगचा ट्रॅक एक दिवसासाठी भाड्याने घेतला जातो. तुम्ही तुमची रोजची, ईएमआयवाली गाडी घेऊन यायचं आणि शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरकडून ती नीट चालवायला शिकायचं. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही, राँग साइडने बाइकवाला उगवत नाही. गाडी काय काय करू शकते हे बघायला आपल्या देशात यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

आपल्याकडे असे ट्रॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट सगळ्यांना माहीत असतं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेलच जिंकला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला ३.७ किलोमीटरचा जुना, मानाचा ट्रॅक आहे. आणि तिसरा, कोईम्बतूरजवळ चेट्टीपालयमचा कारी मोटर स्पीडवे. लांबी २.१ किलोमीटर, २००३ मध्ये सुरू झालेला. छोटा आणि वळणावळणांचा. आमचा ट्रॅक डे इथे होता.

या नावामागची गोष्ट मला जाम आवडली. कोईम्बतूर म्हणजे कापडगिरण्यांचं आणि पंपांचं शहर. तिथल्या एका उद्योजक घराण्यातल्या एस. करिवर्धन यांना रेसिंगचं वेड होतं. परदेशी रेसिंग कार आणणं म्हणजे तेव्हा स्वप्नच. मग त्यांनी 'फॉर्म्युला मारुती' नावाची देशी रेसकार बनवली. इंजिन कुठलं, तर आपल्या मारुती एटहंड्रेडचं! हो, तेच इंजिन, जे आपल्याला शाळेत सोडायचं. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, तोही सुरुवातीला फॉर्म्युला मारुतीच चालवत होता. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. ट्रॅकला त्यांचं नाव आहे. 

मीही एटहंड्रेडवरच शिकले. २०१५ मध्ये, बाबांकडून, शाळेच्या ग्राउंडवर. 'ब्रेक एकदम गच्च दाबायचा नाही. दाब, सोड, दाब, सोड. पंप करायचा. नाहीतर चाकं जाम होतील आणि गाडी घसरेल.' हा बाबांचा फंडा नंबर वन. तो मी परीक्षेतल्या सूत्रासारखा पाठ केला होता. का सांगतेय, ते पुढे कळेल.

बाबांना 'कोईम्बतूरला काम आहे, गाडी नेतेय' एवढंच सांगितलं. त्यांनी चावी दिली. आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले, 'निघण्याआधी ब्रेक दाखवून घे कुणाला तरी.'

गणपती खिशात

पुणे ते कोईम्बतूर साधारण बाराशे किलोमीटर. चाकणला एका ऑटो कंपनीत इंजिनीअर असलेला माझा मित्र सोबत होता. ('मित्र म्हणजे नुसता मित्र ना?' इति आई.) कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असं करत चित्रदुर्गला मुक्काम, दुसऱ्या दिवशी बंगळुरू आणि सेलमवरून कोईम्बतूर. बहुतेक वेळ तोच चालवत होता. मी फक्त सरळसोट, रिकाम्या रस्त्यांवर, तेही डावा हात सतत हँडब्रेकजवळ ठेवून.

सकाळी साडेसहाला ट्रॅकवर पोहोचलो. मला वाटलं होतं, सगळीकडे लाल-पिवळ्या स्पोर्ट्स कार असतील आणि आमची २०१६ ची स्विफ्ट बिचारी कोपऱ्यात. पण तिथे एक डॉक्टर जुनी होंडा सिटी घेऊन आले होते, बंगळुरूचं एक आयटी कपल पोलो घेऊन, आणि साठीला टेकलेले एक गृहस्थ चक्क मुलाची गाडी 'न विचारता' घेऊन!

आधी तपासणी. गाडीतली सुटी प्रत्येक वस्तू बाहेर. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, फ्लोअर मॅट, टिश्यूचा डबा, सगळं. ताशी शंभरच्या स्पीडला ब्रेक मारला तर पाण्याची बाटली पेडलखाली येऊ शकते. तपासणाऱ्या मुलाने डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अतिशय संकोचून म्हणाला, 'मॅडम, हे पण.' बाप्पा माझ्या खिशात गेले. मग चाकांचे नट, टायरची खोली, बॅटरी घट्ट आहे ना, ऑइल गळतंय का, हेल्मेट कसं आहे... आणि शेवटी 'जे होईल त्याला मीच जबाबदार' अशा अर्थाच्या फॉर्मवर सही.

ही सही गंभीरपणे करा. नेहमीच्या कार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्याच खिशातून. जायच्या आधी पॉलिसीचा तो बारीक अक्षरातला कागद एकदा वाचाच.

आयोजकांच्या यादीत आणखी एक ओळ होती, 'ब्रेक ऑइल नवीन टाका.' मी ती वाचली आणि पैसे वाचवले. याचा हिशेब दुपारी झाला.

'का सोडलात?'

मला वाटलं होतं, हेल्मेट घातलं की झूऽऽम! पण पहिला तास गेला सीटवर. म्हणजे शब्दशः सीटवर. इन्स्ट्रक्टर पन्नाशीचे, शांत, कमी बोलणारे. त्यांनी माझी सीट पुढे घेतली, पाठ सरळ केली. दोन्ही हात सरळ केल्यावर मनगटं स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजेत. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. 'नऊ वर्षं मी चुकीची बसतेय,' मी म्हटलं. 'सगळेच बसतात,' ते म्हणाले.

मग पहिला एक्सरसाइज. ट्रॅकच्या एका मोकळ्या भागात पाच-पाच मीटरवर केशरी कोन मांडलेले. साठचा स्पीड पकडायचा, पहिल्या कोनशी ब्रेक जीव खाऊन दाबायचा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत दाबून ठेवायचा. बस्स. 

माझे तळहात ओले झाले होते. साठ. कोन आला. दाबला. आणि पायाखाली थडथडथड... खर्रर्र...

तेच! डिट्टो तेच! मी पाय उचलला.

गाडी सातव्या कोनच्याही पुढे जाऊन थांबली. मी अक्षरशः ओरडले, 'सर, बघा, ब्रेक! आमचा ॲक्सिडेंट झाला तेव्हाही असंच झालं होतं!'

ते काही क्षण गप्प राहिले. मग एवढंच विचारलं, 'ब्रेक का सोडलात?'

'पेडल थरथरलं म्हणून.'

'मॅडम, ते एबीएस आहे. पेडल थरथरतंय याचा अर्थ ब्रेक लागतोय. पाय उचलायचा नाही.'

एबीएस ही तीन अक्षरं मी हजारदा वाचली होती. २०१९ पासून तर आपल्याकडे नव्या गाड्यांना ते कंपल्सरी आहे. आमच्या गाडीचं वरचं मॉडेल घेताना बाबांनी ते आवर्जून मागून घेतलं होतं. पण ते पायाला 'जाणवतं' कसं, हे ना शोरूममध्ये कुणी दाखवलं, ना लायसन्सच्या टेस्टमध्ये कुणी विचारलं. फंडा सोपा आहे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक जाम होणार असं दिसलं की यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा आवळते, सेकंदात कित्येक वेळा. त्या सैल-आवळचेच धक्के पेडलमधून पायाला लागतात. म्हणजे जे 'पंपिंग' बाबांनी मला पायाने करायला शिकवलं होतं, ते गाडी स्वतःच करत असते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने. मी वरून आणखी पंप केलं की मी गाडीच्या कामात अडथळा आणते. प्रत्येक वेळी पाय उचलला की तेवढा वेळ गाडीला ब्रेकच नाही. साठच्या स्पीडला एक सेकंद म्हणजे सोळा-सतरा मीटर.

आणि दुसरी गोष्ट. चाकं जाम झालेली नसतात, म्हणून ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही स्टिअरिंग चालतं. त्या दिवशी टेम्पोच्या डाव्या बाजूला जागा होती. मी तिकडे बघितलंच नव्हतं. मी टेम्पोच्या मागच्या पाटीकडे बघत बसले होते.

'पुन्हा,' इन्स्ट्रक्टर म्हणाले.

दुसऱ्यांदाही पाय उचलला गेला. तिसऱ्यांदाही, पण कमी. शरीराला शिकवलेलं डोकं सहजासहजी खोडू शकत नाही. चौथ्यांदा मी दात-ओठ खाऊन, डोळे मिटायचा मोह आवरून पाय तिथेच रोवून ठेवला. खर्रर्र, थडथड, आणि गाडी चौथ्या-पाचव्या कोनच्या मध्ये ठप्प. सीटबेल्टने खांदा करकचला. सगळं शांत.

'व्हेरी गुड,' ते म्हणाले. मला रडू येत होतं. त्यांना वाटलं, आनंदाने.

ग्रिपचा पगार

पुढचे दोन सेशन मात्र खरंच धमाल होते, खोटं कशाला बोलू! पंधरा-पंधरा मिनिटांचे सेशन, एका वेळी मोजक्या गाड्या. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने खूण केली तरच. पिवळा झेंडा म्हणजे पुढे काहीतरी गडबड आहे, जपून. लाल म्हणजे सेशन बंद, हळू परत या. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला जाऊ द्या. (निळा मला इतक्यांदा दाखवला की त्या झेंडेवाल्या मुलाशी माझी ओळखच झाली.)

वळणाचं गणित इन्स्ट्रक्टरांनी असं समजावलं: तुमची अख्खी गाडी रस्त्याला टेकते ती चार टायरांच्या चार तुकड्यांवर. प्रत्येक तुकडा साधारण तळहाताएवढा. सगळी ग्रिप तेवढ्यातूनच येते. मी ते माझ्या भाषेत लिहून घेतलं: ग्रिप म्हणजे पगार. ब्रेक हा एक खर्च, वळणं हा दुसरा, ॲक्सिलरेटर हा तिसरा. सगळा पगार ब्रेकवर उडवलात तर वळायला शिल्लक काय? म्हणून जोरात ब्रेक मारायचा तो सरळ रेषेत, वळणाच्या आधी. मग ब्रेक हलकेच सोडत वळायचं. आणि गाडी सरळ व्हायला लागली की हळूहळू गॅस. आधी सावकाश आत, मग जोरात बाहेर. वळणाच्या बाहेरच्या कडेने सुरुवात, मध्ये आतल्या कडेला स्पर्श, पुन्हा बाहेर. त्यामुळे वळणाचा बाक कमी होतो आणि टायरांवर ताण कमी येतो.

वजनाचंही तसंच. पीएमपीएमएलच्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण सगळे पुढे जातो ना? गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर जातं. वळणाच्या मध्येच घाबरून गॅस सोडला किंवा ब्रेक मारला तर मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी फिरते. हे प्रात्यक्षिक बंगळुरूच्या पोलोने करून दाखवलं. गोल गिरकी, धुळीचा ढग, कुणालाही इजा नाही. नवरा-बायको बाहेर आले आणि दहा मिनिटं एकमेकांशी बोलले नाहीत.

पण सगळ्यात अवघड गोष्ट कुठली, तर डोळे. 'नजर जाईल तिथे गाडी जाईल.' वळणात शिरताना वळण संपतं तिकडे बघायचं, समोरच्या बॉनेटकडे नाही. भिंतीकडे बघाल तर भिंतीत जाल. इन्स्ट्रक्टर प्रत्येक वळणाआधी फक्त हात लांब करून दाखवायचे, तिकडे! दुसऱ्या सेशनच्या शेवटी मी ते हात न बघता करायला लागले. सरळ पट्ट्यावर काटा एकशे वीसच्या पुढे गेला, कोन आला, ब्रेक, नजर, वळण... आणि हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा गाडी चालवताना माझा डावा हात हँडब्रेककडे गेला नाही.

जाताजाता एक आकडा लक्षात ठेवा. स्पीड दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, साठला नुसता ब्रेक दाबल्यापासून १७-१८ मीटर लागत असतील, तर एकशे वीसला सत्तरच्या वर. त्यात दचकण्याचा एक सेकंद धरलेलाच नाही. एक्स्प्रेसवेवर पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून जाताना हे आठवून बघा.

खरा ब्रेक फेल

तिसरा सेशन. आता मी स्वतःला नारायण कार्तिकेयनची मानलेली बहीण समजायला लागले होते. पाचव्या राउंडला, सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. मऊ, लोण्यासारखं. गाडी थांबली, पण उशिरा. इन्स्ट्रक्टरांनी लगेच हाताने 'हळू' अशी खूण केली. एक पूर्ण राउंड ब्रेक न वापरता, गार हवा खात मारला आणि आत आलो. 'हँडब्रेक ओढू नका!' ते म्हणाले. तापलेल्या ब्रेकवर तो आवळून ठेवायचा नसतो. मित्राने चाकामागे वीट लावली. चाकांजवळून जळका वास येत होता.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, तर ओल शोषलेल्याची ती मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दबतात, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं आणि ब्रेकला जोर मिळत नाही. मी वाचवलेले पैसे ते हेच!

विटेशेजारी, डांबरावर बसून मी पाणी प्यायले आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. खरोखर ब्रेक जातो तेव्हा पेडल मऊ होतं. खाली जातं. त्या दिवशी नवले पुलाच्या उतारावर ते कडक होतं. थरथरत होतं. काम करत होतं.

'ताई, ब्रेकला काहीही झालेलं नाही.'

काका तीनदा म्हणाले होते. आणि मी बाबांना त्या माणसाशी भांडायला पाठवलं होतं.

डीपी रोडवरची सकाळ

परतीचे बाराशे किलोमीटर बहुतेक मीच चालवले. ऐंशी-नव्वदने, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून. मित्र शेजारी घोरत होता. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं?

पण डोक्यात एकच चालू होतं. बाबांना सांगायचं कसं? 'चूक माझी होती' एवढं म्हणणं सोपं होतं. पण पंप करायचं मला कुणी शिकवलं, हे बाबांना लगेच कळलं असतं. ज्या हाताला प्लास्टर लागलं, त्याच हाताने त्यांनी मला ते ग्राउंडवर दाखवलं होतं. काही न बोलण्याची सोयही होतीच. काय बिघडणार होतं? पुण्यात गॅरेजं काय कमी आहेत?

तीन आठवडे मी गप्प बसले. कोईम्बतूरचे फोटो दाखवले, डोसे कसे होते ते सांगितलं.

मग मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी सहाला, बाबांना म्हटलं, 'चला, तुम्हाला एक गंमत दाखवते.' आमच्या मागच्या बाजूला एक नवा डीपी रोड झालाय, अजून कुठेच न जाणारा. त्यावर बारीक खडी सांडलेली असते. मी बाबांना ड्रायव्हिंगला बसवलं. सीट पुढे घेतली, मनगटं स्टिअरिंगवर टेकवून बघितली. ते हसले, 'मला शिकवतेस?'

'चाळीसला न्या. मी सांगितलं की ब्रेक गच्च दाबा आणि सोडू नका.'

मी सांगितलं. त्यांनी दाबला. थडथडथड, खर्रर्र! बाबांनी पाय उचलला.

'अगं, ब्रेक गेले की!'

गाडी हळूहळू पुढे जाऊन थांबली. मी काही बोलले नाही. बाबाही काही बोलले नाहीत. समोरच्या अर्धवट बिल्डिंगवरचे कावळे तेवढे ओरडत होते. मग मी सगळं सांगितलं. कोन, सेन्सर, मऊ पेडल, टेम्पोच्या डावीकडची मोकळी जागा.

'म्हणजे मी तुला चुकीचं...'

'एटहंड्रेडसाठी ते बरोबरच होतं, बाबा. गाडी बदलली, आपण नाही बदललो.'

त्यांनी गाडी वळवली, पुन्हा चाळीसला नेली, पुन्हा ब्रेक दाबला. पाय थोडा हलला. पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी पाय रोवून ठेवला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. ते स्वतःच्या मनगटाकडे बघत होते.

'गॅरेज रविवारी अर्धा दिवस चालू असतं,' ते म्हणाले.

वाटेत त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि अर्धा किलो पेढे घेतले. आठ महिन्यांनी आम्ही त्या गल्लीत शिरलो. काका एका गाडीखाली होते, फक्त चपला दिसत होत्या. बाहेर आले, हात चिंधीला पुसले. बाबांना माफी मागता येत नाही. कधीच आली नाही. ते पेढ्यांचा बॉक्स पुढे धरून म्हणाले, 'ब्रेक ऑइल बदलायचंय.'

काकांनी बॉक्स घेतला. 'चावी द्या.'

मी म्हटलं, 'काका, त्या दिवशी मी...'

'पाय उचलला होतात ना, ताई?'

मी बघतच राहिले. 'तुम्हाला माहीत होतं?'

'नव्या गाड्यांवर होतं बऱ्याच जणांचं. महिन्याला एक तरी येतो, ब्रेक गेले म्हणून.' त्यांनी बॉनेट उघडलं. 'साहेबांना तेव्हा सांगणार होतो. पण त्यांच्या हाताला प्लास्टर, डोक्यात राग. त्यात आणि पोरीवर ढकलतोय असं कशाला वाटू द्यायचं?'

बाबा गॅरेजच्या पाटीकडे बघत उभे होते. काकांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा बाबांच्या हातावर ठेवला.